ओली फरशी, ओली कातडी

मी एक जुनी स्टीलची वाटी आहे आणि माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही.

मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी वाईट वाटून घ्यायला नको. तुमच्या निबंधाच्या वहीत जुनी छत्री रडते, जुनं पुस्तक हुंदके देतं आणि फाटकी चप्पल जाता जाता सगळ्यांना क्षमा करून टाकते. मला रडता येत नाही. आणि क्षमा करायची म्हटली तर आधी समोरच्याला आपलं चुकलं हे कळलेलं असावं लागतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या गोल तुकड्यावर वरून दट्ट्या आला आणि मी खोलगट झाले. माझ्या बहिणी घरोघरी स्वयंपाकघरांत गेल्या, पोरांच्या हातून पडल्या, घासल्या गेल्या, सुखात राहिल्या. मी जाड पत्र्याची आणि दुमडलेल्या काठाची निघाले, म्हणून मला निराळ्या खोक्यात भरलं. खोक्यावर एका दवाखान्याचा पत्ता होता. आपण काहीतरी मोठ्या कामाला चाललो आहोत असं मला वाटलं. तरुणपणी सगळ्यांनाच तसं वाटतं.

दवाखाना दुमजली होता. खाली तपासणी, वर दहा खाटा आणि जिन्याच्या टोकाला ऑपरेशनची खोली. ऑपरेशनच्या आधी रोग्याच्या कातडीवर जंतू मारणारं औषध लावतात, ते माझ्यात ओतलं जायचं. मग चिमट्यात धरलेला बोळा माझ्यात बुडवायचा आणि जिथे चिरायचं तिथून सुरू करून गोल गोल बाहेर फिरवत न्यायचा. कातडीवर जंतू असतातच, मित्रांनो. तुम्ही कितीही साबण चोळा, थोडे राहतातच. बाहेर आहेत तोवर ते मुकाट्याने राहतात, पण सुरी आत गेली की तिच्या पाठोपाठ तेही आत शिरतात. म्हणून सुरीच्या आधी मी. रोज सकाळी वाफेच्या यंत्रात तापून, स्वच्छ कापडात गुंडाळलेली मी तयार असायचे.

आता माणसांकडे येते.

मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे मालक आणि सर्जन. खोटं बोलणार नाही, त्यांचा हात चांगला होता. बारीक टाका घालावा तर त्यांनीच. पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आपणच पुरं करायचे आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचे. सिस्टरकडे ऑपरेशनच्या खोलीची जबाबदारी होती. अतिशय नीटनेटकी बाई. घडीचं टोक टोकाला जुळलं नाही तर तिला चैन पडत नसे, आणि एखादा थेंब वाया गेला तर जीव खालीवर व्हायचा. त्या जिवापायी काय झालं ते पुढे सांगते.

आणि मावशी. खरं तर ती कोणाची मावशी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. फरशी पुसणं, बादल्या उचलणं, आम्हाला धुऊन यंत्राकडे पोचवणं, ही तिची कामं. बावीस वर्षं ती त्या खोलीत होती आणि तिचा एकच कायदा होता. फरशी औषधाच्या पाण्याने पुसून झाली की ती वाळेपर्यंत कोणीही आत पाऊल टाकायचं नाही. एकदा मोठे डॉक्टर हात धुऊन, दोन्ही हात वर धरून, घाईघाईने आत आले आणि मावशीने त्यांच्यापुढे पुसण्याची काठी आडवी धरली.

"साहेब, फरशी वाळू द्या," ती म्हणाली. "ओल्यावर पाय टाकला की पुसलं न पुसलं सारखंच."

आणि ते थांबले. वर उचललेला पाय तसाच मागे घेऊन, शरण आल्यासारखे हात वर करून दारात उभे राहिले. फरशीची चकाकी गेली तेव्हा मावशी बाजूला झाली आणि म्हणाली, "या आता." त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. मोठे डॉक्टर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे की इथे खरं राज्य मावशीचं आहे. पाहुणे हसायचे.

हे लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला शहाण्यांच्या बैठकीची गोष्ट सांगणार आहे.

एका वर्षी दवाखान्यात दोन औषधांवरून वाद झाला. एक होतं तपकिरी, आयोडीनचं, पाण्यात केलेलं. दुसरं पाण्यासारखं स्वच्छ, स्पिरिटमध्ये केलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, धड कातडीवर स्पिरिटवालं बहुतेक वेळा सरस ठरतं. लवकर काम करतं आणि त्याचा असर टिकतो. डोळ्याजवळ, कानात, तोंडाच्या आतल्या नाजूक भागावर ते चालत नाही, तिथे तपकिरी वापरावं. शिवाय ओलं असताना ठिणगी पडली तर स्पिरिट पेटतं, हेही त्यांनी सांगितलं. मोठ्या डॉक्टरांना तपकिरीच हवं होतं. कारण काय, तर ते दिसतं. रोगी बाहेर आला की पोटावरचा रंग पाहून नातेवाइकांना बरं वाटतं.

बैठक दोन तास चालली. नमुना म्हणून मला टेबलाच्या मध्यभागी ठेवलं होतं आणि त्या दोन तासांत तिघांनी माझ्यात पेनाची टोपणं टाकली. अखेर ठरलं ते योग्यच ठरलं, तेवढं मान्य करते. कातडीला स्पिरिटवालं, नाजूक जागांना तपकिरी. मग सिस्टरने हळूच विचारलं की दोन्ही औषधं वाळायला वेळ लागतो, तर तो किती धरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान तीन मिनिटं, वाळता वाळताच ते जंतू मारतं. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन वाजला आणि सगळे उठले.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं ऐका. मोठे डॉक्टर बोळा बुडवत, पोटावर फिरवत. कातडी ओली. ओल्या कातडीवर निर्जंतुक चादरीची चिकट कड चिकटत नाही. म्हणून ते कोरडा गॉज घेत आणि सगळं औषध पुसून टाकत. वर कारणही तयार होतं, स्पिरिट पेटायला नको ना! दोन तास बसून निवडलेलं औषध दहा-बारा सेकंदांत पुसून टाकायचं आणि मग त्यावर सुरी चालवायची. नाकाने कांदे सोलणारी ही माणसं. यांच्यापेक्षा माझ्या स्वयंपाकघरातल्या बहिणींचा शेजार बरा होता, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सिस्टरही काही कमी नव्हती. ऑपरेशन संपलं की माझ्या तळाशी औषध उरायचं. ते फेकायला तिचा जीव होत नसे. इकडेतिकडे पाहून ती ते परत बाटलीत ओतायची आणि झाकण घट्ट लावायची. बाटली कधी रिकामीच होत नसे. जंतू मारायच्या औषधात जंतू कसे जगतील, असं तिला वाटे. औषधात काय काय जगतं ते मला माहीत होतं, कारण वापरलेला बोळा पुन्हा पुन्हा माझ्यातच बुडायचा. मी गप्प राहिले. तेव्हा तिरस्काराच्या यादीत माझंही नाव घाला, मधेच कुठेतरी.

मग शिंपी आला. बारीक अंगाचा, मऊ बोलणारा माणूस, अपेंडिक्सचं दुखणं घेऊन. ऑपरेशन झकास झालं, सगळं नेहमीसारखंच. बोळा, पुसणं, चादर, सुरी. पाचव्या दिवशी जखम लाल झाली, सातव्या दिवशी पू आला, दहाव्या दिवशी टाके सुटले. पुढे सहा आठवडे तो पट्टी बदलायला येत राहिला. त्याला वाकून शिवणयंत्रावर बसता येत नव्हतं. घरात बायको एकटी बटणं लावत होती आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात चालली होती. हे सगळं तो सिस्टरला अशा सुरात सांगायचा, जणू हा त्रास तोच दवाखान्याला देत होता.

एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि म्हणाले, "घरी स्वच्छता पाळली नसेल तुम्ही."

शिंप्याने मान खाली घातली. "माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी पट्टीच्या ट्रेमध्ये होते. कोपऱ्यात मावशी फरशी पुसत होती. तिचा हात थांबला, तिने डॉक्टरांच्या पाठीकडे पाहिलं, मग शिंप्याच्या पोटाकडे, आणि पुन्हा पुसायला लागली. मला तिचाही राग आला. दारात काठी आडवी धरणारी बाई इथे गप्प का, हे मला कळेना. आता कळतं. फरशी तिची होती आणि रोगी डॉक्टरांचा.

दोन वर्षांनी मावशीवरच वेळ आली. बादल्या उचलून उचलून तिच्या बेंबीपाशी हर्निया झाला होता. कमरेला घट्ट पट्टा बांधून तिने तो पुष्कळ दिवस लपवला. अखेर एका सकाळी ती बादलीवर ओणवी झाली आणि तिला उठता येईना. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन मीच करतो, पोटात आधाराची जाळी बसवावी लागेल. मावशीला शुगर होती. शुगर असलेल्याची जखम चिघळली तर काय होतं, आणि चिघळलेल्या पोटातून जाळी परत काढायची वेळ आली तर काय हाल होतात, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. असल्या बादल्या तिनेच उचलल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी तिची लेक आली. मावशीची खाट आमच्या खोलीच्या उघड्या दारासमोरच होती, म्हणून मला सगळं दिसलं. ती पिशव्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. खाटेवर बसून आईचे केस विंचरता विंचरता तिने बजावलं, "आई, उद्या तिथे तोंड उघडू नकोस. ते डॉक्टर आहेत, आणि आपली नोकरी आहे तिथे." मावशीने नुसती मान हलवली. लेक गेल्यावर तिने सिस्टरला बोलावलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली की माझ्यासाठी नवी बाटली फोड. सिस्टरने विचारलं, का? मावशीने नुसतं कपाटाकडे बोट दाखवलं. सिस्टरचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. ती कपाटापाशी आली, नेहमीची अर्धी बाटली हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मग ती मोरीत उपडी केली. मी तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने काहीतरी वाया घालवलं होतं.

सकाळी मावशीला टेबलावर घेतलं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं, पण डोळे आणि जीभ शाबूत. मोठे डॉक्टर खुशीत होते. आपल्या माणसाला सगळं उत्तम लावा, असं म्हणाले. म्हणजे शिंपी परका होता, हे त्यांनी आपल्या तोंडाने कबूल केलं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

नव्या बाटलीतलं औषध माझ्यात आलं. बोळा बुडला. बेंबी आधी स्वच्छ केली, मग भोवती गोल, मग छातीखालपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. हात खरोखरच चांगला. मग डॉक्टरांनी सवयीने कोरड्या गॉजकडे हात नेला.

"साहेब," मावशी म्हणाली, "वाळू द्या."

डॉक्टर हसले. "मावशी, ही काय तुमची फरशी आहे?"

"नाही. फरशी चिघळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मावशीचे ओठ थरथरत होते. बधिर झालेल्या अंगामुळे की भीतीमुळे, ते मला सांगता येणार नाही. पण ती बोलत राहिली.

"माझ्या फरशीसाठी तुम्ही बावीस वर्षं दारात उभे राहिलात. आज माझ्या पोटासाठी उभे राहा. तो शिंपी काही घाणेरडा नव्हता, साहेब. त्याचा सदरा मी रोज बघत होते."

मोठ्या डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचा हात गॉजवर होता. तो तिथून उचलायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू! पण त्यांनी उचलला, आणि दोन्ही हात वर धरून ते उभे राहिले, दारात राहत तसे.

तीन मिनिटं म्हणजे फार मोठा काळ नव्हे, मित्रांनो. पण या तीन मिनिटांत त्या शहाण्या माणसांना काय करावं ते सुचेना. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे पाहत राहिल्या. मोठे डॉक्टर पाय बदलत होते, घसा साफ करत होते, छताकडे पाहत होते. सिस्टरने मात्र बेंबीत साचलेला थेंब गॉजच्या टोकाने अलगद टिपून घेतला आणि अंगाखाली कुठे औषध ओघळून साचलं नाही ना ते पाहिलं. बाकी कातडीला कोणी हात लावला नाही. त्या कामात माझं सगळं आयुष्य गेलं होतं आणि औषध कातडीवर वाळताना मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं. आधी कडेची चकाकी गेली, मग मांड्यांवरची, मग पोटावरची. बेंबीच्या काठाला ती सगळ्यांत शेवटी गेली. मावशीला स्वतःचं पोट नीट दिसत नव्हतं, पण डोक्यावरच्या दिव्याच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. तिकडे पाहून ती म्हणाली, "या आता."

जखम स्वच्छ भरून आली. टाके काढले तेव्हा नुसती एक बारीक रेघ होती.

इथे तुमच्या निबंधात सगळे सुधारतात. माझ्या गोष्टीत सिस्टर सुधारली. तिने मोठ्या बाटल्या बंद केल्या आणि एका रोग्यापुरती एक, अशा छोट्या बाटल्या मागवल्या. लावायचा स्पंज त्यांच्यासोबतच येतो. म्हणजे आता वाटीची गरज उरली नाही. ज्या सुधारणेसाठी मी आधीच ओरडायला हवं होतं तिनेच मला घरी बसवलं, मग रागवायचं तरी कोणावर? मला हात धुण्याच्या नळाशेजारी, कट्ट्यावर ठेवलं. माझ्यात नखं घासायचे ब्रश ठेवतात. तो नळ गळका आहे. ऑपरेशनच्या खोलीचं दार तिथून दोन पावलांवर, आतलं बोललेलं ऐकू येतं.

मोठे डॉक्टर महिनाभर तीन मिनिटं थांबले. दुसऱ्या महिन्यात दीड मिनिट थांबले. तिसऱ्या महिन्यात मला गॉजचा खसखस आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. सिस्टर आतून घड्याळाचे आकडे मोठ्याने वाचायची, ते तिचं वाक्य अर्ध्यात पुरं करायचे. मला आश्चर्य वाटलं नाही. ज्याला एका बाईने थांबवलं तो त्या बाईपुरताच थांबतो. मावशी परत कामावर आली होती, पण आता तिला जड उचलायची मनाई होती. चाकं लावलेली बादली ढकलत ती फरशी पुसायची, आणि तिची फरशी वाळेपर्यंत ते अजूनही दारात थांबायचे.

आणि गेल्या आठवड्यात शिंपी पुन्हा आला. चिघळून भरलेल्या त्या जुन्या जखमेतूनच आता त्याचं पोट फुगून बाहेर आलं होतं. त्यालाही जाळी बसवायची होती. कट्ट्यासमोरच्या बाकावर तो पाय जुळवून बसला होता. आपल्यामुळे पुन्हा सगळ्यांना त्रास, असं सिस्टरला म्हणाला. ती आत गेली तेव्हा मावशी बादली ढकलत आली आणि त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती रोग्यांच्या बाकावर कधी बसलेली नव्हती.

"तुझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "आत गेल्यावर औषध लावतील. मग एवढंच म्हणायचं, वाळू द्या. चकाकी गेली की वाळलं, डोक्यावरच्या दिव्याच्या काचेत दिसतं ते."

"मी कसा म्हणू?" शिंपी घाबरला. "ते डॉक्टर आहेत."

"कापड ओलं असताना तू बेततोस का?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "नाही. बिघडतं."

"मग झालं तर."

मित्रांनो, शेवटी शिकवण द्यायची पद्धत आहे. मी देते, पण ती औषधाच्या निवडीची नाही. ती निवड करायला कागद आहेत, बैठका आहेत, शहाणी माणसं आहेत. मी तेवढंच सांगेन जे मला इतकी वर्षं भरून ठेवूनही सांगता आलं नाही. टेबलावर पडलेला माणूसही बोलू शकतो. तुमच्यावर किंवा तुमच्या कोणावर ती वेळ आली तर लाजू नका.

त्या दिवशी शिंप्याला आत नेलं, भूल मावशीसारखीच, कमरेखालची. दार मिटलं. मावशी बाहेर, काठी हातात धरून उभी राहिली. आतून बाटलीचं सील तुटल्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही. मग एक अगदी बारीक आवाज आला, आणि मोठ्या डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, आणि तोच बारीक आवाज पुन्हा आला, या वेळी जरा मोठा. "वाळू द्या, साहेब."

गॉजचा आवाज येतो का म्हणून मी कान देऊन होते. आला नाही. नळाचा थेंब सेकंदाला एक असा पडत होता, मी तो मोजत होते, मावशीही मोजत असावी. दोघींपैकी कोणीच हललं नाही. सव्वाशे थेंब झाले, दीडशे झाले, पावणेदोनशे झाले. मग आतून शिंप्याचा आवाज आला. या वेळी तो मऊ नव्हता.

"या आता."